मायचा पार्ट

एप्रिल सरत आला की आमच्याकडचं, पूर्व विदर्भातलं जंगल पहाटेच्या अंधारातच माणसांनी भरून जातं. मोहफुलं वेचून संपलेली असतात आणि तेंदूपत्ता लागलेला असतो. तिकडे कोरचीपासून एटापल्लीपर्यंत, इकडे सिंदेवाही-मूलपर्यंत घरंच्या घरं रानात उतरतात. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, दुपारी ओसरीत बसून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे तेंदूच्या खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वाघाची भीती असते, अस्वलाची असते. पण रानातून परतणाऱ्या मुलींकडे नीट पाहिलं तर त्यांनी भलत्याच गोष्टीचा बंदोबस्त केलेला दिसतो. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं तोंड दुपट्ट्यानं करकचून बांधलेलं.

त्यांच्या आयाही डोक्याला पदर गुंडाळत, कानावरून घेत, कारण आमच्याकडचं ऊन लागलं तर माणूस उठत नाही. मुली मात्र ऊन लागण्याचं नाव काढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "काळी पडली तं?"

या भीतीला आधार आहे. तेंदूचा हंगाम आणि लग्नसराई एकमेकांना लागूनच येतात. पानांच्या पैशातून मांडव पडतो, भांडी येतात, नवऱ्यामुलीची साडी येते. लग्नाला पैसा हवा म्हणून मुलीनं दोन-तीन आठवडे उन्हात करपायचं, आणि लग्न जमावं म्हणून ते करपणं कुठं दिसू द्यायचं नाही. इतकी अवघड अट तिच्यापुढे कुणी मोठ्यानं बोलून ठेवलेली नसते. ती तिला आपसूक कळलेली असते. बहिणीला पाहायला आलेल्यांनी चहा पिता पिता आईला काय विचारलं, ते तिनं दाराआडून ऐकलेलं असतं.

लग्नाआधी फोटो लागतो. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत मी एका नात्यातल्या मुलीबरोबर गेले होते. मुलगी पदवीला, अंगानं काटक, रंगानं पिकलेल्या जांभळासारखी. फोटोवाल्यानं चार फोटो काढले, त्यातला एक संगणकावर उघडला आणि माऊस धरून कामाला लागला. आधी चेहरा उजळला. मग हनुवटीवरचा तीळ गेला. लहानपणी चुलीच्या जाळानं गालावर पडलेला डाग गेला. कपाळावर आजीनं हौसेनं गोंदून घेतलेला हिरवा ठिपका होता, तोही गेला. यातलं काहीच त्यानं विचारून केलं नाही. माणूस वाईट नव्हता. बायोडाटाचा फोटो असाच करायचा असतो हे त्याला पाठ होतं, आणि जास्तीचे पैसेही त्यानं घेतले नाहीत. मुलगी पडद्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत आनंद होता असं म्हणवत नाही. समोर एक परकी मुलगी बसली होती आणि यापुढे तिच्याशी हिची तुलना होणार होती. पाहुणे येतील तेव्हा ते हिला फोटोशी ताडून पाहतील आणि हीच कमी भरेल.

फोटोत जे क्षणात झालं ते चामडीवर व्हावं म्हणून मग मलमं येतात. आठवडी बाजारात बांगड्या, रिबिना, टिकल्यांच्या गाड्यावर ती मिळतात, औषधाच्या दुकानातही मिळतात. त्यातल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं, खरं तर कातडीच्या आजारासाठी डॉक्टरांनी थोडे दिवस द्यायचं. ते लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आठवड्याभरात चेहरा फिका, तुकतुकीत दिसतो, आणि मैत्रिणी विचारतात, काय लावलंस? इथूनच ते पसरतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते. उन्हात उभं राहवत नाही, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. सोडायला जावं तर चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तेच लावायचं. या बिघडलेल्या चेहऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नाव देऊन नोंदलं आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. चिठ्ठी मागणारं दुकान आमच्या बाजूला मला अजून फारसं दिसलेलं नाही.

मी शिकवते त्या वर्गात अशी एक मुलगी होती. तिचे गाल लाल असायचे, आणि जवळून पाहिलं तर त्यात केसाएवढ्या बारीक नसांचं जाळं दिसायचं. चुलीपुढे बसवत नाही म्हणून घरी भाकरी टाकायचं काम धाकटीकडे गेलं होतं. "मॅडम, बंद केलं तं तोंड पेटते," ती म्हणाली. मे महिन्यात ती तेंदूला गेली नाही. घरातली एका हाताची कमाई गेली.

त्याहून वाईट म्हणजे पारा. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून गोरं करायच्या चोरट्या मलमांत तो घालतात. विदर्भातल्याच अकोल्यात एका घरातल्या तिघींना, आईला आणि दोन मुलींना, अशा मलमामुळे मूत्रपिंडाचा आजार झाला. २०२३ साली वर्तमानपत्रांतून ते सगळ्यांनी वाचलं. मलमातल्या पाऱ्याचा छडा मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला. अशा मलमांत पारा वापरायला आपल्याकडे बंदी आहे. नकळत मिसळला गेलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा. मलमाच्या डबीवर पाऱ्याचं नाव नसतं. डबीवर दोन चेहरे असतात, एक सावळा आणि एक गोरा.

अशा वेळी मुलींना समजावायची आपल्याकडे फार घाई असते. स्वतःवर प्रेम करा, आतलं सौंदर्य पाहा, आत्मविश्वास बाळगा. महिला दिनाच्या भाषणांत हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि मला ते पटत नाही. मुलगी मूर्ख नाही. तिनं हिशेब मांडलेला असतो. रंग उजळला तर हुंडा कमी बसतो. कापडाच्या दुकानात काउंटरला उभी राहायची नोकरी मिळते. नवऱ्याच्या घरी पहिल्या दिवशी कुजबुज होत नाही. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि पुढची ४५ वर्षं तिच्या जाहिरातींनी घरोघरी हाच हिशेब पढवला: रंग बदलला की नोकरी लागते, नवरा मिळतो. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' गेलं. जाहिरातीत जे सांगितलं ते समाजात खरं करून दाखवणारे आपण होतो, पाहायला जाणारे, पसंत-नापसंत करणारे. समजवायचंच असेल तर आधी त्यांना समजवावं लागेल.

आणि या पाहण्यात एक विचित्र भूल आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत आले आणि त्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना गर्भाशयाचा, योनिमार्गाचा कसला ना कसला आजार होता. एकीला सरासरी तीनहून अधिक. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे जगभर गाजले, कारण तोवर गरीब देशांतली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, यापलीकडे तिच्या शरीराचा विचार फारसा कुणी केलेला नव्हता. मी ते पुन्हा वाचते तेव्हा मला आमच्याकडच्या अशा बायांचे चेहरे आठवतात. त्यांना लग्नाआधी वरपासून खालपर्यंत पाहिलं गेलं होतं, चालून दाखव म्हटलं गेलं होतं, केस सोडून दाखव म्हटलं गेलं होतं. मग वीस-वीस वर्षं त्या कंबर धरून धानाच्या रोवणीला वाकत राहिल्या, अंगावरून जात राहिलं, आणि तेव्हा त्यांच्याकडे पाहायला कुणी आलं नाही.

भामरागडकडे गेलं की चेहऱ्यांचा दुसराच इतिहास दिसतो. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती जिथं भेटतात त्या भागातल्या म्हाताऱ्या माडिया बायांच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर गोंदणाच्या रेघा असतात. मेल्यावर अंगावरचं सोनं-चांदी लोक काढून घेतात, बरोबर येतं ते फक्त गोंदण, असं गोंड बाया सांगतात. मी त्याचं कौतुक करून मोकळी होणार नाही. गोंदणं दुखतं. चेहरा सुजतो, ताप येतो, आणि लहान मुलीला घट्ट धरून ठेवावं लागतं. तिची इच्छा कुणी विचारत नव्हतं, आणि गोंदलं नाही तर तिलाही नावं ठेवली जात. सुंदर दिसण्याची सक्ती ही काही शहरातून आलेली गोष्ट नाही.

तरी एक फरक मला फार मोठा वाटतो. गोंदण एकदाच होतं, आणि मग ते बाईबरोबर म्हातारं होतं. एका आजीशेजारी बसून मी ते निरखलं आहे. रेघ मूळची सरळ असणार. आता ती सुरकुत्यांत उतरून पुन्हा वर येत होती. निळसर काळा रंग फिकट हिरवा झाला होता. गालाची कातडी सैल पडली तसे त्यावरचे ठिपके पसरले होते. तिला कुणी म्हटलं नव्हतं की हे सोळाव्या वर्षी होतं तसंच राहिलं पाहिजे. तिच्या नातीनं मात्र गोंदलेलं नाही. आश्रमशाळेत गेलेल्या मुलींच्या गोंदणाला बाहेरची मुलं हसली, तेव्हापासून त्यांच्या घरात कुणी गोंदलं नाही, असं नात म्हणाली. लष्कराच्या भरतीत आदिवासींच्या परंपरेतल्या गोंदणाला सूट आहे. नोकरी-लग्नाच्या बाजारात अशी सूट कुणाला मिळत नाही. नागपूरला लेझरनं गोंदण काढून मिळतं, हे आता भामरागडलाही ठाऊक आहे.

चेहरा म्हणजे काय, हे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वरोऱ्यानं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये तिथं आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा मानवतात, म्हणून तो नाकात शिरतो, कानाच्या पाळ्यांत, भुवयांत, बोटांत शिरतो. माणूस ज्यावरून ओळखला जातो नेमकं तेच तो धरतो. उपचारानं रोग जातो, संसर्ग थांबतो, पण बसलेलं नाक आणि झडलेल्या भुवया परत येत नाहीत. त्या चेहऱ्यापायी माणसं घरातून काढली गेली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मिळायची तरतूद आपल्या विवाह कायद्यांमध्ये होती. ती २०१९ मध्ये काढली. रोग बरा करणारी औषधं त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकातच आली होती.

आनंदवनात हातमागावर बसणारी एक बाई मला आठवते. बोटं अर्धी, पण धोटा असा जायचा की नजर ठरू नये. तिच्या भुवया पेन्सिलीनं काढलेल्या होत्या, अगदी बारीक, दोन्ही सारख्या कमानीच्या. आधी मला वाटलं, हीही त्याच सक्तीची गोष्ट. मग ओळख वाढल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "गावाले जाताना बसमधी बाजूले कोनी बसत नाही. भुवया काढल्या तं बसतेत." आणि थोडं थांबून म्हणाली, "अन् मले बऱ्या दिसतेत."

तिच्या बोलण्यातली ही दोन वाक्यं मी वेगवेगळी ठेवते. पहिलं ऐकून राग यावा, दुसरं ऐकून आनंद व्हावा. नटण्याशी माझं भांडण नाही. केसात फुलं माळणाऱ्या, मंडईच्या जत्रेला नवं लुगडं नेसणाऱ्या बायांच्या हौसेवर कुणी बोट ठेवू नये. ज्या दिवशी बसमध्ये शेजारी कुणीही बसेल त्या दिवशीही ती बाई भुवया काढील, अशी माझी खात्री आहे, आणि तेव्हा ती त्या फक्त तिच्यासाठी काढील.

आता वडशाकडे येते, कारण पाहण्याचा सगळ्यात मोठा कारखाना आमच्याकडे तिथं आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालयं, आणि बाहेर लावलेली पोस्टरं. गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असो, मंडई असो, रात्री नाटक पाहिजेच. दहाला पडदा उघडतो, उजाडायला सुटतं, आणि हजारो माणसं चादरी गुंडाळून पोराबाळांसकट बसून असतात. पोस्टरवर सगळ्यात मोठा चेहरा हिरोइनचा असतो. तोही स्टुडिओतल्या त्या फोटोसारखाच धुऊन काढलेला.

दंडार या जुन्या लोकनाट्यात पुरुषच बायका व्हायचे. तेव्हाचे लोककलावंत तोंडाला मुरदाडशिंग उगाळून लावत, ओठांना हिंगूळ. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म, हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. विष तेव्हाही होतंच. पण ते रात्रीपुरतं होतं. सकाळी तेलाच्या बोळ्यानं चेहरा पुसला की माणूस आपल्या रंगाचा होऊन बंड्या जुंपायला जाई, आणि त्या रंगाबद्दल त्याला कुणी काही विचारत नसे.

आरमोरीजवळच्या एका गावात, पौषातल्या कडक थंडीत, मी पडद्यामागं एका नटीजवळ बसले होते. चाळिशी उलटलेली. झाडीपट्टीतलीच, घरी धानाची शेती, पावसाळ्यात स्वतः रोवणीला जाणारी. एका बल्बच्या उजेडात ती चेहऱ्याला रंग लावत होती, तिच्या रंगाहून तीन पायऱ्या फिका. चेहरा झाला, मान झाली, मग हात. हातांना सगळ्यात जास्त वेळ लागला. चिखलात राबलेले हात होते ते. नखांच्या कडा काळ्या, बोटांचे सांधे जाड. ती प्रत्येक सांध्यावर स्पंज दाबत होती, आणि मूठ मिटली की तिथं रंगाला तडा जात होता. पुन्हा दाबायची.

"हातच फसवते, ताई," ती म्हणाली. "तोंड पंचवीसचं अन् हात पंचेचाळीसचे."

मी हिरोचं वय विचारलं. तो बाहेर शेकोटीशी बसला होता, पन्नाशी पार केलेला, पोट सुटलेला.

"हिरो पंचावन्नचा चालते. हिरोइन तिशीच्या वर दिसली का मायचा पार्ट."

मायच्या पार्टची नाईट कमी असते. एका प्रयोगाच्या पैशाला आमच्याकडे नाईट म्हणतात. माय शेवटच्या अंकात येते, रडते, पोराला माफ करते किंवा मरते. याच रंगभूमीवर परशुराम खुणे यांनी पन्नास वर्षं आणि पाच हजारांहून जास्त प्रयोग काढले, लोकांना हसवलं, वय वाढलं तसं प्रेमही वाढलं, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मोठेपणाचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. म्हणूनच मनात येतं, की ज्या प्रेक्षकांनी एका पुरुषाचा चेहरा तरुण होता तेव्हापासून म्हातारा होईपर्यंत आनंदानं पाहिला, ते प्रेक्षक एका बाईचा पाहणार नाहीत हे कुणी ठरवलं? मंडपात बायांच्या बाजूला जाऊन बसा. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या बाया मांडीवर पोर घेऊन जाग्या असतात. हिरोइन आली की त्या पाहतात. माय आली की पुढे सरकतात.

हे मी तिला सांगितलं. म्हटलं, कुणीतरी असं नाटक लिहायला हवं, ज्याची नायिका पन्नाशीची असेल. तेंदूच्या फळीवरच्या हिशेबात मुन्शीला धरणारी, केस पिकलेली. तिनं स्पंज खाली ठेवला. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती विचारात पडली होती. गावात नाटक बोलावणाऱ्या मंडळाचे लोक पोस्टर पाहून नाटक ठरवतात, पोस्टरवर असा चेहरा कसा चालेल, हे ती मनातल्या मनात तपासून पाहत असावी. बाहेर तिसरी घंटा झाली तशी ती उठली, पदर सावरला.

"लिहा तुम्ही," ती म्हणाली. "पन एंट्री पहिल्या अंकात पायजे, शेवटी रडाले आनू नका. अन् नाईट हिरोइनची पायजे."